सळई वाकू नये म्हणून

"काका, तोफ आहे की काय? वर टाका ना," कंडक्टर म्हणाला.

"रायफलची नळी साफ करायची सळई आहे. वाकली की कामातून गेली," म्हणत स्टोअरकीपरने पाइप आणखी जवळ ओढला. छातीपर्यंत उंच प्लास्टिकचा पाइप, दोन्ही टोकांना टोपणं, टोपणांवर चिकटपट्टीचे चांगले चार-चार वेढे.

सव्वीस वर्षं तो रायफल क्लबचं स्टोअर सांभाळत होता. सळई भिंतीला टेकवली की तिला बाक येतो, म्हणून त्याच्याकडे प्रत्येक सळई मुठीने खिळ्याला टांगलेली असे. बाहेर न्यायची तर पाइपातूनच, दोन्हीकडे फडकं कोंबून. वाकडी सळई नळीला आतून ओरखडते, हे तो नव्या पोरांना इतक्यांदा ऐकवी की पोरं त्याला सळईकाकाच म्हणत. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून साधा स्क्रू हरवला नव्हता.

आणि आज त्याला ही सळई हरवायची होती.

सळई त्याच्या धाकट्या लेकीची होती. बारा वाजता निवडीआधीची सामानाची तपासणी. यादीतली एक वस्तू कमी निघाली की नाव बाद, उसनं काही चालत नाही. नेमाबद्दल कुणालाच शंका नव्हती. तपासणीतून पार पडली की धाकटी दोन वर्षांसाठी परदेशी शिबिराला जाणार होती. थोरलीही दोनच वर्षांसाठी म्हणून गेली होती. त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि ती रविवारी फोनवर दिसते. धाकटीही गेली की घर खायला उठणार होतं.

परवा जेवताना त्यानेच विषय काढला होता.

"तुम्ही दहा मुली एका गाडीत. कुणीतरी सळईवर बसणार. तू उद्या पुढे जा, सळई मी परवा घेऊन येतो."

धाकटीने आईकडे पाहिलं. आईने भात वाढला.

"बरं, बाबा," धाकटी म्हणाली.

एवढ्या पटकन ती कधी कशाला बरं म्हणत नसे. पण त्याच्या मनात चोर होता, त्याला ते बरंच वाटलं.

काल तो कामावरून परतला तेव्हा धाकटी गेलेली होती, खिळा रिकामा होता आणि पाइप दाराशी तयार उभा होता.

"मीच भरला," बायको म्हणाली. "आता उघडत बसू नका, धूळ जाईल."

आणि आज सकाळी दाढी करताना ऊन थेट डोळ्यांत आलं, गालावर कापलं.

"पडदा कुठे गेला गं?"

"धुवायला काढलाय. तुम्ही निघा, बस चुकेल."

आता बस खड्ड्यातून गेली आणि पाइपात काहीतरी खडखडलं. फडकं कोंबायला विसरली वाटतं. एरवी त्याने तिथल्या तिथे चिकटपट्टी फाडली असती. आज कशाला? त्याने तळहात पँटला पुसले. घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग उठून त्याने पाइप वरच्या फळीवर सरकवला, पार मागे, बॅगांच्या आड.

थांबा आला तसा तो खाली उतरला. बस डेपोकडे निघून गेली. त्याला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तो बस दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला.

मैदानाच्या फाटकावर रखवालदार हसला. "सळईकाका, आज चक्क हात हलवत?"

त्याने हात खिशात घातले.

"धाकटी तीनदा येऊन विचारून गेली, बाबा आले का म्हणून. म्हटलं, अगं येतील, ते कधी चुकलेत का?"

पावणेबारा झाले होते. आपण काय करून बसलो हे स्टोअरकीपरला आत्ता कळलं, आणि स्वतःचीच भयंकर लाज वाटली. तो वळला आणि गुडघ्यांची पर्वा न करता रस्त्याकडे पळत सुटला.

रिक्षावाल्याला त्याने तीनदा "जोरात" सांगितलं. डेपोत चार बस ओळीने उभ्या होत्या. पहिलीत पाइप नव्हता, दुसरीतही नव्हता. तिसरीजवळ चहा पीत असलेल्या कंडक्टरने आत चढून वरच्या फळीवरून पाइप काढून दिला.

"काय हो काका, जीव की प्राण आणि विसरलात?"

परतीला सिग्नल लागला. नंतर रस्ता खणलेला. बारा वाजले, बारा दहा, सव्वाबारा. तो पाइप मांडीवर आडवा धरून बसला होता आणि पुटपुटत होता, फक्त हिचं नाव राहू दे, मी पुन्हा असं करणार नाही.

धाकटी तपासणीच्या टेबलापाशी उभी होती.

"बाबा! केवढे घामाघूम झालात."

"उशीर झाला गं. माझ्यामुळे झाला. विसरलो नव्हतो, मी मुद्दाम..."

"तपासणी कधीच झाली, बाबा. पहिलंच नाव माझं होतं."

तिने टेबलाकडे बोट दाखवलं. रायफलशेजारी तिची सळई होती. तीच, मुठीला त्याने स्वतः बांधलेला लाल दोरा असलेली.

"ही इथे कशी?"

"मीच आणली, काल. रायफलच्या पेटीतून."

त्याने हातातल्या पाइपाकडे पाहिलं. मग खाली बसून चिकटपट्टी फाडली, टोपण काढलं आणि पाइप उलटा केला. खडखडत पडद्याची दांडी बाहेर आली. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, बायकोच्या अक्षरातली.

"हे वाचताय म्हणजे पाइप आणायला परत गेलात. जाल हे मला ठाऊक होतं. येताना दांडी जपून आणा, वाकवू नका. खिडकी उघडी पडलीय."