आईसाठी मेणबत्ती

शेलूबाजारच्या जीपमध्ये कोणीतरी सांगितलं होतं, मिशनच्या वसतिगृहात फक्त आईबाप नसलेलीच लेकरं घेतात. म्हणून ऊसतोडीला जाताना सुकेशनीनं पाच वर्षांच्या रंजीताला फाटकापाशी पढवलं, "मले मावशी म्हनजो. आई मेली, असं सांगजो. मले आई म्हनशील तं तुले ठेवनार नाईत."

हंगाम संपवून ती पोरीला भेटायला आली, तेव्हा सिस्टर कौतुकानं म्हणाल्या, "तुमची भाची फार गुणी आहे. आईसाठी रोज मेणबत्ती लावते." मग त्या दारात लेकरू घेऊन उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईकडे वळल्या. "रडू नका. आई आहे म्हणून काय झालं? तोडीवर जाणाऱ्यांची लेकरंही ठेवतो आम्ही."

सुकेशनी तशीच आत धावली. तिनं रंजीताला ओढतच कडुनिंबाखाली नेलं.

"आता आई म्हन मले. आता कोनी काढत नाई तुले इथून."

रंजीता घाबरून मागं सरली. तिनं आभाळाकडं पाहून हात जोडले.

"असं नको बोलू, मावशी. आई वरून पाहून राह्यली."