लाल फडकं

ट्रकच्या पुढच्या चाकाच्या ब्रेक-ड्रमवरून मिस्त्रीने बोट फिरवलं आणि त्याला कळायचं ते कळलं. ड्रम जळून निळा पडला होता. उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत, सहा किलोमीटर, गाडी चालवणारा पोरगा ब्रेकवर उभा राहिला होता. झोपलेला माणूस ड्रम जाळत नाही.

अपघाताची नोंद घ्यायला आलेले साहेब ट्रकभोवती एक चक्कर मारून लिहायलाही लागले होते. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नाही, म्हणजे ब्रेक मारलाच नाही, म्हणजे डुलकी लागली. त्यांचं गणित सरळ होतं. तापून निकामी झालेले ब्रेक खुणा सोडत नाहीत, हे सांगू शकणारा तिथे एकच माणूस होता, आणि तो ट्रकखाली शिरत होता.

ट्रक दरडीत तोंड खुपसून उभा होता. पोराचं प्रेत सकाळीच नेलं होतं. आता गाडी ओढून न्यायची म्हणून मिस्त्रीला बोलावलेलं. या रस्त्यावर कुठलाही ट्रक बंद पडला की त्यालाच फोन जायचा. टेम्पोत पाने, नळ्या, लॅपटॉप असं अर्धं गॅरेज घालून तो जागेवर पोचायचा, रोग शोधायचा आणि गाडी चालती करून द्यायचा. त्याच्या हाताला गुण आहे असं ड्रायव्हर म्हणत, आणि तो ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

परवा याच ट्रकसाठी फोन आला होता. हवा गळून मागच्या चाकांच्या दोन जोड्यांपैकी एकीचे ब्रेक जखडलेले, आणि ब्रेकचे नवे चेंबर जवळ नाहीत. मिस्त्रीने दोन्ही चेंबरमध्ये लांब बोल्ट घालून ब्रेक दाबणारी आतली स्प्रिंग आवळून धरली आणि हवेच्या नळ्यांना बुचं मारली. चाकं मोकळी झाली, पण मग त्या चाकांना ब्रेक उरत नाही. रिकामी गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत न्यायची, एवढ्यापुरताच तो उपाय. आणि तो केला की स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. असा काही कायदा नाही, पण या धंद्यात सगळे बांधतात. गाडीवर दुसरा कुणी बसला तर त्यालाही कळावं, म्हणून.

परवा मिस्त्रीने खिशातून फडकं काढलं होतं, पण त्याला आधी हात पुसले. राहू द्या, गाडी मीच तर नेतोय, असं परवाचा ड्रायव्हर हसत म्हणाला. तेवढ्यात दुसरा फोन वाजला आणि फडकं खिशात गेलं. तो ड्रायव्हर पाळी संपली म्हणून गॅरेजच्या अलीकडेच डेपोत उतरला, आणि कुणाला सांगायचं राहून गेलं. आज पहाटे त्याच ट्रकमध्ये खडी भरली गेली आणि हा पोरगा गाडीवर बसला.

ट्रकखाली ते दोन बोल्ट जागच्या जागी होते. गाडी ओढायची तर उरलेल्या दोन चेंबरमध्येही तसेच बोल्ट घालावे लागणार होते. एकदा चारही बसले, की परवाचे कोणते आणि आजचे कोणते हे कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. परवाची खूण म्हणून फक्त नळ्यांची बुचं उरली होती. मिस्त्रीने ती काढली आणि खिशात टाकली. इतका नीचपणा आपल्या हातून होईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि तो किती सहज होत होता.

ब्रेक ठीक होते ना, असं साहेबांनी वाकून विचारलं.

"होते, साहेब."

साहेबांनी सही ठोकली आणि गाडीत बसून ते निघून गेले.

रस्त्याच्या कडेला पोराचा बाप उभा होता. हातात पोराची एक चप्पल होती, दुसरी सापडली नव्हती. त्यानेही तीस वर्षं ट्रक चालवले होते. कुणी विचारलं नव्हतं तरी तो सांगत होता, की पोराला गाडी त्यानेच शिकवली. डोळे जड झाले की बाजूला घे. गाडीत चढलास की आधी स्टिअरिंग बघ, फडकं दिसलं तर किल्लीला हात लावू नकोस. पोरगा ऐकायचा. एकदा फडकं दिसलं म्हणून दिवसभर गाडीखाली सावलीत बसून राहिला होता, मालकाच्या शिव्या खात.

मग तो मिस्त्रीच्या जवळ आला. "तुम्ही गाडी आतून बघितलीत. खरं सांगा, झोपला होता का तो?"

एक वाक्य पुरलं असतं.

"मला काय कळणार, काका. मी नुसतं मशीन बघतो."

म्हातारा मान हलवत राहिला. "म्हणजे झोपलाच," तो म्हणाला. एवढं शिकवून गाढव झोपलाच, असं काहीतरी पुटपुटत त्याने चप्पल काखेत धरली.

क्रेनवाल्याने हॉर्न दिला. आता चारही चेंबरमध्ये बोल्ट होते आणि मागच्या एकाही चाकाला ब्रेक नव्हता. मिस्त्री चेपलेल्या केबिनमध्ये चढला. आता इथे कुणी बसणार नव्हतं, तरी त्याने खिशातून फडकं ओढून काढलं. त्याच्यावर परवाच्या ग्रीसची बोटं उमटलेली होती. ते त्याने स्टिअरिंगला बांधलं, पण गाठ सैल पडली.

दाराच्या पायरीवर चढून म्हाताऱ्याने हात आत घातले. त्याने चाचपून ती गाठ दोन्ही हातांनी नीट ओढून घेतली.

"घट्ट बांधा, मिस्त्री," तो म्हणाला. "तुमच्यासारखी बांधणारी माणसं आहेत म्हणून आमची पोरं घरी येतात."