चौदा कान

दुपारी दोनच्या ठोक्याला आईचा फोन बोलायला लागला तो थांबेचना. "गोळीची वेळ झाली," आतली बाई म्हणाली, आणि लगेच पुन्हा म्हणाली, "गोळीची वेळ झाली." आई गोळी तळहातावर घेऊन शांत बसली होती, शेजारचं भांडण संपायची वाट बघावी तशी. मुलीने ताट बाजूला सारलं आणि मोजलं. चौदा वेळा.

"हे रोजचंच आहे?"

"हल्ली वाढलंय. सोमवारी फोन बंद करून चालू केला, तेव्हा एकदाच म्हणाली बिचारी. तूच बनवलंयस ना गं हे? मग तुझ्यावरच गेलंय. लहानपणी तूही एकच गोष्ट दहादा सांगायचीस."

मुलीला हसू आलं नाही. अ‍ॅप खरोखरच तिच्या हातचं होतं. एकाच गोळीसाठी फोन पुन्हा पुन्हा वाजतो, अशा तक्रारी महिनाभर येत होत्या. ऑफिसातल्या फोनवर तसं काही घडेना, म्हणून गेल्या आठवड्यात तिने त्या सगळ्या एका झटक्यात निकालात काढल्या होत्या. शेरा मारला होता, 'वापरणाऱ्याची चूक'.

तिने हात धुतले, बॅगेतून लॅपटॉप काढला आणि आईचा फोन वायरने जोडला.

"मी गोळी घेऊ ना?"

"थांब जरा. 'घेतली' दाबू नकोस अजून. दोन मिनिटं."

लेकीची दोन मिनिटं केवढी असतात हे आईला पुरतं ठाऊक होतं. तिने गोळी वाटीत ठेवली, वर झाकण घातलं आणि भांडी आवरायला घेतली.

लॅपटॉपवर एक यादी उमटली. मुलीच्या टीममध्ये तिच्यातल्या नोंदींना 'कान' म्हणत. अ‍ॅपच्या आत सारख्या हाका फिरत असतात. गोळीची वेळ झाली, गोळी घेतली, औषध संपत आलं. ज्या पानाला हाक ऐकायची असेल त्याने उघडताना कान लावायचा आणि मिटताना आठवणीने काढून घ्यायचा. काढायचा राहिला तर पान मिटतं, पण कान मागेच उरतो. पान पुन्हा उघडलं की दुसरा लागतो. मग हाक एकच येते आणि ओ देणारे वाढत जातात. टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी दम भरायची, "कान लावलास ना? मग काढणार कोण, तुझी आई?"

आणि आता यादीतल्या चौदा कानांपैकी एक अ‍ॅपचा स्वतःचा, कायमचा होता, बाकीचे तेराच्या तेरा एकाच पानाचे निघाले. 'घरची माणसं' नावाचं ते पान तिने स्वतः लिहिलं होतं. कान लावायची ओळ होती, काढायची नव्हती. ऑफिसात तपासणारे ते पान एकदा उघडत, चालतंय असं बघून पुढे जात. तिथे उगीच परत परत कोण जाणार?

"आई, सोमवारपासून तू हे पान तेरा वेळा उघडलंस?"

आईने पदराला हात पुसत डोकावून पाहिलं. "हे होय! मोजलं नाही बाई. असेल."

"एवढं आहे काय त्यात?"

"मी गोळी घेतली की तुला कळतं ना? आणि तू ते पाहिलंस की तिथे निळी खूण उमटते, असं तूच म्हणाली होतीस. ती आली का बघते. नाही आली की मिटते. थोड्या वेळाने परत बघते."

खूण कशी येणार? दिवसातून तीनदा फोन वाजतो, मीटिंगमध्ये बरं दिसत नाही, म्हणून मुलीने आपल्या फोनवर आईची सूचना कधीचीच गप्प करून टाकली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"इतकं वाजत होतं, तर मला सांगायचंस ना."

"तू कामात असतेस गं. त्यात तक्रारीचं बटण आहे, ते दाबलं मी. उत्तर आलं, वापरणाऱ्याची चूक. म्हटलं असेल, मी जरा जास्तच उघडते."

मुलीने लॅपटॉप पुढे ओढला. तिने एक ओळ लिहिली. पान मिटताना कान काढ. नवं अ‍ॅप आईच्या फोनवर चढवलं, वायर काढली. मग आपला फोन उचलून आईची सूचना चालू केली, आवाज पूर्ण वाढवला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला.

"घे आता गोळी."

आईने वाटीवरचं झाकण काढलं, गोळी गिळली, वर घोटभर पाणी प्यायली आणि 'घेतली' दाबलं. टेबलावरचा फोन केवढ्यांदा तरी वाजला. आई दचकली. मुलीने तो उचलून सूचना पाहिली.

आईने चष्मा चढवला आणि आपल्या फोनवर ते पान उघडलं.

"आली की गं," ती म्हणाली.

"आली ना? आता कितीदाही उघड, एकदाच वाजेल. मिट आता ते, बॅटरी खातं."

"मिटते."

आईने फोन पाण्याच्या पेल्याला टेकवून समोर उभा केला. पडदा मंद व्हायला लागला की ती त्याला हळूच बोट लावत होती. लेकीने लिहिलेली ओळ पान मिटायची वाट बघत राहिली.