नळांचा नकाशा

आग लागली की बंब कुठल्या नळावर भरायचा, ते माझ्या वहीत होतं. बावीस वर्षं बंब चालवतोय. कुठला नळ गंजलाय, कुठला उभ्या गाड्यांमागे दडलाय, सगळं पेन्सिलीनं टिपलेलं. पण साहेबांना ते कंप्युटरवर हवं होतं, म्हणून एक तज्ज्ञ आला.

तज्ज्ञानं पहिला आठवडा पायथन नावाच्या कंप्युटरच्या भाषेसाठी कोड एडिटर सेट करण्यात घालवला. दुसरा गेला पडद्याची थीम काळी ठेवायची की गडद निळी, यात. तिसऱ्यात फॉन्ट बदलून झाले. "पाया पक्का हवा, काका," असं वर मलाच ऐकवायचा. नळ बघायला पठ्ठ्या एकदाही खुर्चीतून उठला नाही. माझी वही तर मागितलीसुद्धा नाही.

चौथ्या सोमवारी पडद्यावर नकाशा झळकला. निळे ठिपके म्हणजे नळ. साहेबांनी पुढे होऊन एका ठिपक्यापाशी बोट टेकवलं. "हे बघा माझं घर! आणि कोपऱ्यावरच नळ. अगदी अचूक!" सगळ्या होयबांनी टाळ्या पिटल्या. माझ्या हातातली वही साहेबांनी घेतली आणि स्वतःच्या हातानं रद्दीत टाकली.

चहाच्या वेळी मी तज्ज्ञाला गाठलं. "काय रे, नकाशात मधोमध ही नदी कुठून आली? आपल्या शहरात नदीच नाही."

त्यानं आधी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं.



"हळू बोला, काका. ते सरावाच्या फाइलमधलं दुसऱ्याच देशातलं शहर आहे. आपलं अजून भरायचंय."