दोन बोटं जागा

पहिल्या इंचात अकरा टाके होते, शेवटच्या इंचात सहाच. पुस्तकात ठेवायची कापडी खूण, माझ्या हातची पहिलीच शिवण, मी सासऱ्यांना दाखवली. जन्मभर शिंपीकाम केलेल्या बोटांनी ती चाचपून ते हसले. “सूनबाई, चारही बाजू शिवून टाकल्यास! उलटवायला फटच नाही, आता सुलट कुठून करणार?” “आमच्या प्रयोगशाळेत गळती चालत नाही, बाबा.” “आण ती सुई. दोन बोटं जागा उसवून देतो.” मोतीबिंदूचं ऑपरेशन ते दोन वर्षं टाळत होते, त्यांची आवडती कादंबरी तेव्हापासून एकाच पानावर अडली होती. सुई तीनदा टाक्याशेजारी घुसली, चौथ्यांदा अंगठ्यात. त्यांनी खूण माझ्याकडे सरकवली. “तूच उसव, उलटव आणि माझ्या पुस्तकात ठेव.” मग अंगठा चोखत म्हणाले, “अगं, एवढी शिवलीस ती काय एकाच पानात राहायला? ऑपरेशनची तारीख घे.”