तेहतीस इंचांचा ओटा

घरं तपासायला आलेल्या केंडलसाहेबानं स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेप लावला आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा लावला. "लामार, नकाशात छत्तीस इंच आहे. हा तेहतीसच भरतोय."

लामार सुतारानं खिशातला नकाशा काढला. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. नेवाडाच्या वाळवंटात अशी सात घरं उभी केली होती, येत्या मंगळवारी पहाटे मनोऱ्यावर चाचणीचा अणुबॉम्ब फुटला की कुठलं कितपत टिकतं ते बघायला. सहा घरं लामारनं नकाशावर बोट ठेवून बांधली. हे सातवं, मनोऱ्याच्या सगळ्यात जवळचं. इथं हात आपोआप चालले आणि ओटा झाला आर्डिथच्या उंचीचा.

आर्डिथ म्हणजे त्याची बायको. चार फूट दहा इंच. एकोणीस वर्षं ती ट्रेलरमध्ये, त्यांच्या चाकांवरच्या घरात, खोक्यावर उभी राहून भांडी घासत होती आणि लामार दरवर्षी तिला स्वयंपाकघर बांधून द्यायचं कबूल करत होता.

"काढून पुन्हा करू का?" त्यानं विचारलं. काढायचा मात्र त्याला मुळीच नव्हता. इतका सुबक ओटा त्याच्या हातून आजवर झाला नव्हता.

"राहू दे रे," केंडल हसला. "इथं कुणाला स्वयंपाक करायचाय? आणि जळायच्या फळीला एवढा रंधा मारतं का कुणी? अहवालात तेहतीस लिहितो मी. घे, कॉफी घे. अरे हो, तुमच्या मॉर्मन पंथात चालत नाही!"

"पाणी चालतं, साहेब," लामार म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

दुपारी कपड्यांच्या दुकानातले पुतळे ट्रकमधून आले. प्रत्येक घराला एक कुटुंब. बाप टेबलापाशी बसला, मुलं जिन्यात. केंडल मनानं चांगला. सगळा ट्रक धुंडाळून त्यानं एक ठेंगणी बाई निवडली, तिला निळा एप्रन बांधला आणि ओट्याशी उभी केली.

हत्यारांची पेटी न्यायला आलेला लामार दारातच थबकला. ती पाठमोरी होती. ओटा तिच्या कोपराच्या बरोब्बर चार बोटं खाली आला होता. समोरच्या खिडकीतून मनोरा दिसत होता.

"बघ, कशी शोभतेय! तुझ्या ओट्याला मापाची मालकीण शोधून आणली."

लामारनं डोक्यावरची हॅट काढली, पुन्हा घातली. मग पेटी उघडून कटावणी बाहेर काढली.

"अरे, हे काय?"

"नकाशात छत्तीस आहे, साहेब. संध्याकाळपर्यंत छत्तीस करून देतो."

आधी त्यानं बाईला अलगद उचललं, बाहेर नेलं आणि ट्रकच्या सावलीत उभं केलं. एप्रनवरची धूळ झटकली.

"मग आता इथं कोण?" परत आलेल्या लामारला केंडलनं विचारलं.

"उंच बघून आणा कुणी," लामार म्हणाला आणि पहिली फळी उचकटली. "ही इथं राहत नाही."