दोन ठिकाणांहून खात्री

फोटोतला वाघ जुना होता, हे राजदीपने पाहताक्षणी ओळखलं. तीन वर्षांपूर्वी हाच वाघ आणि हाच रक्ताळलेला दुपट्टा दुसऱ्या जिल्ह्याच्या नावाने फिरून गेला होता. आता एका व्हॉट्सॲप चॅनेलने तो टाकून खाली लिहिलं होतं, ‘झरी तालुक्यात मोहफुलं वेचायला गेलेल्या वृद्धाला वाघाने नेले.’

वृद्ध म्हणजे गावातला उकंडा. वय अडुसष्ट, गुडघे कायमचे दुखरे. पहाटे टोपली घेऊन रानात गेला होता. एरवी नऊपर्यंत घरी यायचा, आज दुपारचे दोन वाजले तरी पत्ता नव्हता. अर्धी भरलेली टोपली तेवढी एका झाडाखाली सापडली. एप्रिलचं ऊन डोकं फोडत होतं आणि उकंडाजवळ पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती.

सकाळी साठ माणसं शोधायला गेली होती. वाघाचा फोटो फिरला, घरोघरच्या बायकांनी रानात निरोप धाडून आपापली माणसं परत बोलावली. आता रानात जेमतेम पंधरा उरली होती.

उकंडाची लेक साधना रानातून थेट राजदीपच्या झेरॉक्सच्या दुकानात आली. हाता-पायांवर काट्यांचे ओरखडे होते. बसली नाही, पाणीही घेतलं नाही.

“भाऊ, तुमचं लोकं आयकतात,” ती म्हणाली. “अंधार पडला का फॉरेस्टवाले कोणाले आत जाऊ देणार नाही. पाण्याबिगर बाबा रात्र काढू शकत नाही.”

लोक ऐकत होते, हे खरं. राजदीप पूर्वी एका पेपरला बातम्या द्यायचा. पेपरने तालुक्याचं पान बंद केलं, तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवर बातम्यांचे चार ग्रुप काढले. सुरुवातीला तोही येईल ते पुढे ढकलायचा. मग मागच्या वर्षी त्याने ‘पोरं पळवणारी टोळी’ टाकली आणि भांडी विकणाऱ्या एका फिरस्त्याला लोकांनी मारमार मारलं. त्याचा एक डोळा गेला. राजदीप त्याला भेटायला दवाखान्यात गेला होता, पण खाटेपर्यंत जायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय तो एक ओळ टाकत नसे. लोक चिडवायचे, राजदीपची बातमी म्हणजे एसटी, उशिरा येते पण येते.

त्याने लिहिलं, ‘वाघाचा फोटो जुना आहे. उकंडाकाका रानात कुठेतरी पडून आहेत. वेळेवर पाणी मिळालं नाही तर तहानेने जातील. माणसं पाहिजेत, आत्ता.’

साधनाने ते वाचलं. घरी आईकडे एक नजर टाकून परत रानात जाते म्हणाली आणि निघाली.

तासाभरात ऐंशी माणसं गोळा झाली. मोटरसायकली रानाच्या तोंडाशी लावून, कॅनमध्ये पाणी घेऊन काही लोक नाल्याकडून, काही टेकडीकडून आत शिरले. आत मोबाइल लागत नाही, फक्त टेकडीवर लागतो. म्हणून दोघांना टेकडीवर बसवलं. तिकडे वाघवाल्या चॅनेलने आता ‘मृतदेह सापडला’ असं टाकलं. राजदीपच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने टेकडीवर फोन लावला. तसं काही नव्हतं.

सव्वाचारला ग्रुपवर एकाने विचारलं, ‘उकंडा सापडला म्हणतात, खरं काय?’

राजदीपची बोटं शिवशिवत होती, पण त्याने काही टाकलं नाही. आधी उकंडाच्या बायकोला, नलूकाकूला फोन लावला.

“सापडले रे बाप्पा,” ती रडत होती की हसत होती कळेना. “येऊन राह्यले.”

“कोणी सांगितलं, काकू?”

“आमच्या साधनानं. घरी येऊन सांगून गेली. आता आणाले गेली त्याईले.”

साधनाचा फोन लागला नाही. ती रानात असणार, लागणार कसा? मग त्याने पोलीस पाटील रामलालला विचारलं. हो, मिळाला, उकंडाच्या घरूनच निरोप आला, असं पाटील म्हणाला. तुले अजून कोणाची सही पाहिजे काय, म्हणून वर हसला.

दोन ठिकाणं झाली. चार वाजून पंचवीस मिनिटांनी राजदीपने टाकलं, ‘उकंडाकाका सुखरूप सापडले. पत्नी व पोलीस पाटील यांचा दुजोरा.’

हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. टेकडीवरच्या दोघांनी बातमी वाचून शिट्ट्या मारल्या, आतले लोक आनंदाने माघारी फिरले. वाघवाल्याने आपला फोटो गुपचूप काढून टाकला. राजदीपने दुकानाचं शटर ओढलं आणि तिथेच पायरीवर बसून रडला. एक डोळा गेला होता, आज एक जीव वाचला होता. हिशोब असा फिटत नाही हे त्याला कळत होतं, तरी वर्षभरात पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

साडेसहाला तो उकंडाच्या घरी पोचला. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. वनरक्षकांनी रानाचं फाटक लावून घेतलं होतं. अंगण माणसांनी भरलं होतं. नलूकाकूने खाट टाकून ठेवली होती, बादली भरून ठेवली होती. नाल्याकडून आलेले लोक टेकडीकडच्यांना विचारत होते, तुमच्यासंगंच होते ना? टेकडीकडचे म्हणत होते, आमच्यासंगं नाही, तुमच्याकडंच सापडले म्हणे.

सगळ्यांच्या मागून साधना आली. ती धापा टाकत होती. तिने राजदीपला दंडाला धरून गोठ्याआड नेलं.

“भाऊ, कुठं हायेत बाबा? कोणाले सापडले?”

“तूच तर काकूले सांगितलं.”

साधनाने एकदा अंगणातल्या आईकडे पाहिलं.

“मायनं सकाळपासून पाणी बी घेतलं नव्हतं, भाऊ. तिनं दोन घास खावे म्हणून खोटं सांगितलं होतं मी.”